जनावरांच्या लिलावाचा खेळ म्हणजे जुगार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या शहादा तालुक्यातील एका उन्हाळी शिबिरात माझ्या नातीच्या पिशवीतला पत्त्यांचा डबा ‘इथे जुगार चालणार नाही’ असे सांगून काढून घेण्यात आला. त्या डब्यात राजा, राणी, गुलाम नव्हतेच. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर आम्ही आजी-नातवंडांनी दुपारभर बसून रंगवलेली जनावरे त्यात होती आणि त्यातल्या मांजरीच्या मिशा तर नातीने स्वतःच्या हाताने तीनदा खोडून चौथ्यांदा काढल्या होत्या.

खेळ मूळ जर्मनीतला आहे. रुडिगर कोल्ट्झे यांनी रचलेला ‘कूहांडेल’ १९८५ मध्ये बाजारात आला. त्या नावाचा अर्थच गाईचा सौदा. दहा प्रकारची जनावरे, प्रत्येकाचे चार पत्ते, असे एकूण चाळीस पत्ते असतात. वरचा पत्ता उलटला की त्याचा लिलाव पुकारायचा, बाकीच्यांनी बोली चढवायची आणि एकवार, दोनवार, तीनवार झाले की जनावर ज्याची बोली मोठी त्याचे. मात्र पुकारणाऱ्याला वाटल्यास तेवढीच रक्कम त्या माणसाला देऊन जनावर स्वतःकडे ठेवता येते. सुटे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून हातातल्या नोटा कशा मोडायच्या याचा हिशेब आठ वर्षांचे मूल बोलीआधीच करू लागते. या नोटाही कागदाच्याच असतात. डाव संपला की पुन्हा डब्यात जातात. ज्यात कोणाच्या खिशातला एक रुपयाही हलत नाही, त्याला जुगार कसे म्हणायचे?

शिबिराच्या संचालकांचा दुसरा आक्षेप असा की, या खेळात मुले फसवणूक शिकतात. याचे उत्तर मी माझ्या वडिलांच्या आठवणीने देईन. ते बैलांचा व्यापार करीत आणि बाजारात हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी सौदा ठरवीत. आजूबाजूच्या चार माणसांना भाव कळत नसे, पण ठरलेला शब्द कधी फिरत नसे. या खेळातही दोघांकडे एकाच प्रकारचे जनावर असले की एकजण नोटा पालथ्या ठेवून मागणी घालतो. समोरच्याने ते पैसे घेऊन जनावर द्यावे किंवा आपल्याही नोटा पालथ्या ठेवाव्यात. मग दोघे नोटांची अदलाबदल करून मोजतात. जास्त देणाऱ्याला जनावर मिळते आणि हरणाऱ्याच्या हाती मोठी रक्कम येते. पालथ्या नोटांत शून्याच्याही असू शकतात, हे सर्वांना आधीच माहीत असते. ही रुमालाखालचीच रीत आहे आणि तिला फसवणूक म्हणणे माझ्या वडिलांच्या पिढीला मान्य झाले नसते.

आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार मुलांनी पाहिलेला असल्यामुळे सगळ्यांचा जीव घोड्यावर. चारही घोडे जमले तर हजार गुण, कोंबड्यांचे अवघे दहा. पण शेवटी सर्व पूर्ण संचांच्या गुणांची बेरीज करून तिला संचांच्या संख्येने गुणतात. गेल्या रविवारी आम्ही पाचजण खेळत होतो. नातवाने सगळी पुंजी घोड्यांत घातली आणि जोडीला कोंबडे मिळवले. १०१० गुणिले दोन, म्हणजे २०२०. नातीने बदक, मांजर, कुत्रा आणि मेंढी असे कोणी फारसे न विचारलेले चार संच मुकाट्याने गोळा केले होते. तिची बेरीज ५४०, गुणिले चार, म्हणजे २१६०. नातवाने तो गुणाकार पाटीवर दोनदा करून पाहिला. पाढे म्हणायला बसवले की पळणारा हा मुलगा त्या दिवशी स्वतःहून हिशेब मांडत होता, आणि ते पाहून मला फार समाधान वाटले.

एरवी याच वयाची मुले सुटीत दिवसभर मोबाइलमध्ये मान घालून बसतात, म्हणून तक्रार करणारेही आपणच असतो. खानदेशातल्या शिबिरांच्या आणि गावोगावच्या वाचनालयांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, ‘पत्ते’ हा शब्द ऐकताच कपाटाला कुलूप न लावता त्यांनी मुलांसोबत बसून एक डाव खेळून पाहावा. आमचा डबा अद्याप त्या शिबिराच्या कपाटातच आहे. शिबिर संपण्यापूर्वी तो नातीच्या हाती परत द्यावा.

आपली नम्र,
एक आजी, शहादा (जि. नंदुरबार)