माल पोचल्याच्या चलनावर सही घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नकोस

अक्कलकोट

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "बाबा, सरकारी खरेदीच्या 'जेम' पोर्टलवर नोंदणी झाली, आता आपण सरकारी पुरवठादार." ऐकून फार बरं वाटलं. पण रात्री जुन्या गोष्टी आठवत राहिल्या, म्हणून लिहायला बसलो.

'उद्यम'ची, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे करायची नोंदणी फुकट असते. एजंट पैसे मागत असेल तर देऊ नकोस. तिथे आपला धंदा 'उत्पादन' असाच लागलाय ना, ते आज परत बघ. व्यापारी म्हणून नोंद झाली तर आपले टॉवेलचे माग चालू असूनही सरकारी खरेदीतल्या सवलती मिळायच्या नाहीत. पॅन, जीएसटी, बँक, सगळीकडे नाव एकच हवं. आपलं एकीकडे 'टेक्सटाईल' आणि दुसरीकडे 'टेक्सटाईल्स' होतं. त्या एका 'स'पायी माझे तीन आठवडे गेले.

2012 च्या धोरणाप्रमाणे केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाची किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. बयाणा रक्कमही, म्हणजे टेंडर भरताना ठेवायची अनामत, आपल्याला माफ. समज, एका मोठ्या गिरणीचा दर सर्वांत कमी, टॉवेलला 100 रुपये, आणि तुझा 112. फरक 15 टक्क्यांच्या आत आहे. तू 100 ला यायला तयार झालास आणि ऑर्डर वाटून देता येण्यासारखी असली, तर निदान चौथा हिस्सा तुला मिळू शकतो. पण 100 ला परवडतं का? सूत, रंगणावळ, मजुरी, वीज धरून हिशोब आधी मांड. ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात तोट्यात माल देणारे आपल्याच एमआयडीसीत मी पाहिलेत.

राज्याची टेंडरं 'महाटेंडर्स' पोर्टलवर येतात. तिथल्या अटी वेगळ्या, दर वेळी नव्याने वाच.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट. एका कार्यालयाला मी 2 हजार टॉवेल दिले होते. संध्याकाळ झाली होती, साहेब निघून गेले होते. शिपाई म्हणाला, "ठेवून जा, सही उद्या." मी टेम्पो रिकामा करून परतलो. पुढे बिल लावलं तर माल आल्याची नोंदच नाही! पैसे सात महिन्यांनी आले. त्या दिवाळीत तुझ्या आईच्या पाटल्या गहाण होत्या.

जेमवर माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र निघतं, पैशाची मुदत तिथून धरतात. ते निघेपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस. 2006 च्या लघुउद्योगांच्या कायद्याने आपल्यासारख्यांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं, निमूट बसलो. तू बसू नकोस.

येत्या गुरुवारी येतो. मागावरून उतरलेला टॉवेल खळीमुळे जड भरतो, खरं वजन धुतल्यावर कळतं. पहिल्या लॉटमधले चार टॉवेल धुऊन वाळवून ठेव. टेंडरात लिहिलेल्या वजनाशी दोघं मिळून ताडून बघू.

तुझे,
बाबा