कॅसेट भंगारात द्यायच्या आधी

संपादक महोदय,

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आमच्या चिपळुणात भंगारवाल्याच्या हातगाडीवर कॅसेटींचे ढीग दिसायला लागतात. सिनेमाच्या गाण्यांच्या असतील तर जाऊ देत, ती सगळी यूट्यूबवर पडलेलीच आहेत, पण त्याच ढिगात बॉलपेनने 'आप्पांचं कीर्तन, रामनवमी' किंवा 'डबलबारी, बाजू ब' असं लिहिलेल्याही असतात आणि त्याची दुसरी कॉपी जगात कुठेच नसते. शक्ती-तुऱ्याचे सामने, नमन, गावच्या सप्ताहातली भजनं, हे सगळं कोकणात लोकांनी मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन भरून ठेवलंय, कुठल्या कंपनीने नाही. मी बरीच वर्षं टेप-रेडिओ रिपेरिंगचं काम केलंय म्हणून हे पत्र.

हल्ली लोक शहाणे झालेत, फेकण्याआधी कुठल्यातरी दुकानात देऊन पेनड्राइव्हवर एमपी-थ्री करून घेतात. चांगलंय. पण दुकानात काय होतं, तर आठवडाबाजारात मिळतो तसल्या प्लॅस्टिकच्या यूएसबी प्लेअरमध्ये कॅसेट टाकतात, वरून खरखर घालवायचा फिल्टर मारतात आणि फाइल देतात, मग घरचे कॅसेट टाकून देतात. झालं जपून! मला सांगायचंय ते एवढंच की हे जपणं नव्हे, कारण टेपवर जे आहे त्यातलं निम्मं त्या फाइलीत उतरलेलंच नसतं.

कसं ते सांगतो. कॅसेटची टेप जेमतेम ४ मिलिमीटर रुंद आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने हेडवरून, म्हणजे टेपवरचा आवाज भरणाऱ्या-उचलणाऱ्या छोट्या तुकड्यावरून, जाते. एवढ्याशा पट्टीवर आवाज भरलेला, त्यामुळे वाजवणाऱ्या मशीनचं हेड रेकॉर्ड करणाऱ्या मशीनच्या हेडशी केसभर जरी वाकडं असलं तरी वरचा आवाज मरतो. टाळ ऐकूच येत नाहीत, गाणारा तोंडावर उशी धरून गातोय असं वाटतं. याला उपाय म्हणजे हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला बारीक स्क्रू. कॅसेट चालू ठेवायची, कान लावायचा आणि स्क्रूड्रायव्हर अगदी थोडा थोडा फिरवायचा, एका जागी टाळ एकदम खणखणीत होतात आणि कीर्तनकाराचे 'स' 'श' वेगळे ऐकू येतात, तीच जागा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं. दुकानातला पोरगा कशाला करेल? आणि हे राहिलं तर नंतर कॉम्प्युटरवर कितीही बटणं दाबा, जे उचललंच गेलं नाही ते परत येत नाही.

दुसरी भानगड स्पीडची. गावात लाइट नसायची, सेलवर रेकॉर्डिंग व्हायचं, सेल उतरत आले की मोटर हळू फिरायची, आणि आता बरोबर स्पीडने वाजवलं की शेवटच्या अर्ध्या तासात बुवांचा आवाज बाईसारखा पातळ येतो. घरातले म्हणतात कॅसेट खराब झाली. खराब वगैरे काही नाही, पेटी कुठल्या पट्टीतली होती ते कुणाला आठवत असेल तर त्यावरून स्पीड सरळ करता येतो. रेकॉर्डिंग करणारं मशीन लाइटवर चालत असेल तर अजून सोपं, पाठीमागे लाइटची जी बारीक घूंऽऽ भरली जाते ती आपल्याकडे ५० हर्ट्झची, ती फाइलीत ५३ दिसली की किती जोरात चाललंय ते कळलं. आता गंमत बघा, दुकानदार पहिल्यांदा ती घूंच पुसून टाकतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की जशी वाजली तशी कच्ची फाइल आधी घ्या, एमपी-थ्रीसारखा आवाज न दाबणाऱ्या वेव्ह फाइलीत, २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर, तासाला साधारण २ जीबी होते, आजच्या हार्डडिस्कच्या भावात ते काहीच नाही. साफसफाई करायची ती तिच्या कॉपीवर. फिल्टर जास्त झाला तर तंबोऱ्याची जवारी जाते, लोकांची वाहवा जाते, मागे रडणारं पोर जातं, आणि मला विचाराल तर ते पोरही ठेवायला पाहिजे.

कॅसेट मात्र टाकू नका. २००५ च्या आसपास लोकांनी सीड्या करून कॅसेटी फेकल्या, आज त्यातल्या कितीतरी सीड्या उघडत नाहीत आणि लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. कॅसेट वाजत नसली तरी बहुतेक वेळा टेप शाबूत असते, आतल्या तांब्याच्या पट्टीवरचा फेल्टचा तुकडा गळून पडलेला असतो एवढंच. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर खोलून गुंडाळ्या दुसऱ्या खोक्यात बसवायच्या, चिकटवलेली असेल तर खोका जपून फोडावा लागतो. खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर मात्र चांगल्या डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या मशीनमध्ये, घालू नका, पुढच्या सगळ्या कॅसेटींना ती लागते. जुन्या मोठ्या स्पूलच्या टेपा हा वेगळा विषय, त्यातल्या काही चिकट होतात आणि त्यांना ५४ डिग्रीच्या आसपास कित्येक तास शेकून मग वाजवतात, पण ते कुठल्या टेपला चालतं आणि कुठल्या टेपची वाट लागते हे माहितगाराचं काम, घरच्या ओव्हनमध्ये करू नये.

२२ जुलै २०२१ च्या पुरात इथे काय झालं सगळ्यांना माहीत आहे. वाशिष्ठीचा गाळ कपाटात शिरला, लोकांनी कॅसेटी उन्हात वाळत घातल्या, हेअर ड्रायर मारले. गाळ टेपेवर वाळला की मग काही खरं नाही. भिजलेली कॅसेट ओलीच ठेवून स्वच्छ पाण्यात, शक्यतो बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात धुवायची आणि सावलीत पंख्याखाली सावकाश वाळू द्यायची, पूर्ण वाळेपर्यंत वाजवायची नाही. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरंच वाचलं असतं.

आवाजाइतकीच त्याची माहितीही महत्त्वाची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या ध्वनिमुद्रित ओव्या आज ऐकताना कुठल्या गावच्या कोण बाई गातायत हे कळतं, कारण ते तेव्हाच लिहून ठेवलं. आपल्या कॅसेटींवर फक्त 'भजन' लिहिलेलं असतं. तो आवाज कुणाचा हे सांगणारी माणसं आत्ता ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना आधी बसवून ऐकवा, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, कव्हरचा फोटो काढून फाइलीबरोबर ठेवा.

आता मुद्द्याचं. ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटंच लागतात, त्यात शॉर्टकट नाही, म्हणून नीट काम धंदा म्हणून कुणाला परवडत नाही. चांगले डेक आता नवीन मिळत नाहीत आणि दुरुस्त करणारे माझ्यासारखे म्हातारे झाले. आपल्याकडे १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, जिल्ह्याजिल्ह्यात शासकीय ग्रंथालयं आहेत, तिथे एक सर्व्हिसिंग केलेला डेक, एक कॉम्प्युटर आणि शिकवून तयार केलेला एक माणूस ठेवायला किती खर्च आहे? लोकांनी कॅसेट आणावी, फाइल घेऊन जावी, परवानगी दिली तर एक कॉपी ग्रंथालयात राहावी. पुस्तकांची अनुदानं वेळेवर मिळत नाहीत तिथे हे कुठून होणार असं कुणी म्हणेल, पण पुस्तकाच्या निदान दुसऱ्या प्रती असतात.

सरकार करेल तेव्हा करेल. तोपर्यंत आपल्या रत्नागिरीच्या पानावर एक छोटी चौकट टाकता आली तर बघा, कुणाकडे चालू किंवा बंद डेक पडून आहे त्यांनी जवळच्या वाचनालयात कळवावं म्हणून. बंद असला तरी चालेल, बहुतेक वेळा मोटरवरचा रबरी बेल्ट विरघळलेला असतो आणि बेल्ट अजून मिळतात.

आपला,
एक वाचक, चिपळूण