आबालालांचं चित्र तुमच्या माळ्यावर तर नाही ना?

कोल्हापूरकरहो,

28 डिसेंबरला चित्रकार आबालाल रहिमान यांचा स्मृतिदिन. 1931 साली ते गेले. दरवर्षी आपण हार घालतो, दोन भाषणं ऐकतो आणि चहा पिऊन घरी जातो. यंदा हाराचे पैसे वाचवून दुसरं काम करायचं मंडळाने ठरवलं आहे, आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा माणूस कोल्हापुरात परतला आणि शाहू महाराजांच्या पदरी दरबारी चित्रकार झाला. कोटीतीर्थ तळ्याच्या काठी राहिला. रंकाळा, त्यातला संध्यामठ, पंचगंगेचा घाट हे आपण रोज बघतो आणि म्हणूनच बघत नाही. आबालालांनी त्यावरचं ऊन आणि धुकं रंगवलं. जवळून पाहिलं तर नुसते रंगांचे ठिपके. चार पावलं मागे सरकलात की संध्याकाळ होते. तिकडे फ्रान्समध्ये चित्रकार क्लोद मोने जे करत होता, त्याच काळात आपल्या तळ्याकाठी हे चाललं होतं. पुस्तकात त्याला दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम) म्हणतात. शब्द जड आहे, चित्रं नाहीत.

1922 मध्ये महाराज गेले, तेव्हा त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली, असं जुनी माणसं सांगतात. उरली त्यांतली काही टाउन हॉलच्या संग्रहालयात आहेत. बाकीची कुठे आहेत? आमचा अंदाज असा, की काही तुमच्या-आमच्या घरांत आहेत. आजोबांच्या फ्रेममध्ये, ट्रंकेच्या तळाशी, कॅलेंडरच्या मागे.

असं काही असेल तर कळवा. आमची माणसं घरी येऊन चित्राचा नीट फोटो घेतील, मापं लिहून घेतील. चित्र तुमच्याच घरात राहील. तुमचं नाव तुमच्या परवानगीशिवाय कुठेही येणार नाही. चित्र खरं की नक्कल, त्याची किंमत किती, यात मंडळ पडणार नाही. त्यावरून गावात पुरेशी भांडणं आहेत.

तोवर एवढं सांभाळा: ओल्या फडक्याने पुसू नका, जलरंग लगेच हलतो. ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा उन्हाच्या समोर लावू नका. काच थेट कागदाला चिकटली असेल तर ओढून काढू नका; तशीच राहू द्या, जाणकाराला दाखवू. कसर लागलेली दिसली तर मात्र थांबू नका, लगेच सांगा.

पैसे लागणार आहेत ते आम्लमुक्त कागद, खोके, फोटो आणि खराब झालेल्या चित्रांच्या दुरुस्तीसाठी. शंभर रुपयेही चालतील. पावती मिळेल, हिशोब मंडळाच्या फलकावर लागेल. चांगला कॅमेरा, स्कॅनर किंवा रविवारचे चार तास देणारेही हवेत. आणि ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आबालालांच्या गोष्टी ऐकल्यात, त्यांनी त्या सांगायला जरूर या. त्या आम्ही ध्वनिमुद्रित करू.

28 तारखेला सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर, संध्यामठ दिसतो त्या काठाला, मुलांसाठी जलरंगाची बैठक आहे. वर्गणी आणि नावनोंदणी तिथेच. कागद, रंग आणि चहा मंडळाचा; बसायला पोतं आणि अंगात स्वेटर आपापला.