आधी चित्रे, मग नळी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला न विचारता मी गुरुवारचे एमआरआय ठरवून टाकले आहे आणि तुंबलेले पित्त वाहते करायला पित्तनलिकेत नळी घालण्याचे काम त्यानंतरच करायचे, असे डॉक्टरांशी बोलून नक्की केले आहे. नळी आधी घातली असती तर खाज लवकर थांबली असती, हे मला कळते. तुम्ही रात्ररात्र जागता, हे आईने सांगितले नाही तरी तिच्या आवाजावरून समजते. परंतु नळी घातली की फुगलेल्या नलिका ओसरतात, भिंतीला सूज येते आणि गाठ नेमकी कुठवर पसरली आहे हे मग चित्रात धड उमगत नाही. मामांच्या वेळी आपण घाई केली होती.

सोनोग्राफीत मुख्य नलिका १४ मिलिमीटर रुंद दिसली. एरवी ती ६-७ मिलिमीटरच्या आसपास असते. अडथळ्याच्या वर नलिका फुगणे नेहमीचे, पण तुमची खालच्या बाजूलाही फुगलेली आहे. म्हणूनच नलिकेच्या आत अंकुरांसारखी वाढणारी आणि चिकट स्राव सोडणारी एक दुर्मीळ गाठ असावी, अशी डॉक्टरांना शंका आहे. ‘दुर्मीळ’ या शब्दाने घाबरू नका. अशी गाठ पित्तनलिकेच्या नेहमीच्या कर्करोगापेक्षा सहसा सौम्य वागते.

एमआरआयमध्ये साठलेले पित्त पांढरेशुभ्र उमटते, त्यामुळे नलिका काळ्या पटावर निष्पर्ण झाडासारख्या दिसतात आणि गाठ असेल तिथे फांदीत काळी खाच पडते. खाच खड्यामुळेही पडते, म्हणून शिरेतून औषध देऊन पुन्हा चित्रे घेतात: गाठीत रक्त खेळते, ती उजळते; खडा किंवा चिकट स्राव उजळत नाही. तुकडा काढून तपासावा लागेलच, पण तो कुठून घ्यायचा हे ही चित्रेच सांगतील.

बाबा, महिन्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर तुमचे डोळे पिवळसर दिसले होते आणि मी तो दिव्याचा उजेड समजले. ते मनातून जात नाही.

यंत्राचा खडखडाट फार असतो, पण कानांत बोळे देतात. अधूनमधून १५-२० सेकंद श्वास रोखायला सांगतील. पोहायला शिकवताना माझ्या पोटाखाली हात धरून तुम्ही अंक मोजायचात आणि तेवढा वेळ मी डोके पाण्यात ठेवायचे. या वेळी काचेपलीकडे उभी राहून मी मोजेन.

आई, तपासणीआधी ४ तास त्यांना काही देऊ नकोस, पाण्याचा घोटही नाही. सकाळच्या गोळ्यांचे मात्र डॉक्टरांना विचारून घे. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट पिशवीत वर ठेव. कानाचे यंत्र आणि कवळी आत जाण्यापूर्वी डबीत काढून ठेवायची आहे. आणि थंडी वाजून ताप आला, तर गुरुवारची किंवा माझी वाट न पाहता त्यांना तडक रुग्णालयात ने. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला तर नळी लगेच घालावी लागते, तेव्हा चित्रांचा हट्ट धरायचा नाही.

मी बुधवारी रात्री पोहोचते. तपासणीच्या खोलीत गारठा असतो, म्हणून बाबांचा चेन नसलेला स्वेटर काढून ठेव.

तुमची,
धाकटी