खांद्याचा दावा अडतो तो नोंदीवर

लशीमुळे इजा झालेल्यांना भरपाई देणाऱ्या अमेरिकेतील सरकारी योजनेवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. ‘वकील परवडत नसेल तर दाव्याच्या फंदात पडू नये’ हा त्यातील सल्ला मात्र चुकीचा आहे. प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला दावा हरला, तरी वकिलाची फी न्यायालय योजनेच्या निधीतून मंजूर करू शकते. अशिलाकडून वेगळे पैसे घेण्यास कायद्याने मनाई आहे.

दावे अडतात ते नोंदींवर. दंडात लस टोचल्याने होणारी खांद्याची दुखापत 2017 पासून योजनेच्या अधिकृत तक्त्यात, म्हणजे लशीमुळेच झाल्या असे गृहीत धरल्या जाणाऱ्या इजांच्या यादीत आहे. दुखणे लशीनंतर 48 तासांत सुरू झालेले आणि त्याच खांद्यापुरते असावे लागते. शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात राहावे लागले नसेल, तर त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकलेला हवा. लोक ‘होईल बरे’ म्हणत महिनोन्‌महिने काढतात. मग डॉक्टरांच्या कागदावर ‘काही आठवड्यांपासून दुखते’ एवढेच उमटते आणि सरकारी वकील नेमके त्याच ओळीवर बोट ठेवतात. म्हणून पहिल्याच भेटीत लशीची तारीख, डावा की उजवा दंड आणि दुखणे कधी सुरू झाले, हे आग्रहाने लिहून घ्यावे.

दाव्याची मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षे आहे. कोविड लशीची योजना निराळी: मुदत लस घेतल्यापासून जेमतेम एक वर्ष, आणि वकिलाची फीही मिळत नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा फरक आपण ठळकपणे छापावा, ही विनंती.