दप्तरातल्या चाकूसाठी लेखी नियम करा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पोट्ट्यांच्या दप्तरात चाकू निघून राहिले, अन् ही गोष्ट आता फक्त शहरापुरती नाही राहिली. आमच्या इकडच्या एका हायस्कूलमध्ये नववीच्या पोराजवळ खटक्याचा चाकू सापडला, लाल मुठीचा, बटण दाबलं की पातं बाहेर, जत्रेतल्या दुकानातून घेतलेला. सरांनी दोन थापडा दिल्या, चाकू ड्रॉवरमध्ये टाकला अन् संध्याकाळी पोराचा काका आला तर त्याच्या हातात देऊन दिला. कुठे नोंद नाही, काही नाही. सरांना तरी काय म्हणावं, अशा वेळी काय करायचं ते त्यांना कोणी लिहून दिलंच नव्हतं.

बंदुकीचं तसं नाही, लायसनच्या अटीतच आहे की खास परवानगी नसेल तर ती शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायची नाही. चाकूचं मात्र आर्म्स ॲक्टच्या नियमात पातं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद असेल तर तो शस्त्रात धरतात, अन् पोट्ट्यांजवळ निघते ते चार-पाच इंचाचं. तेवढ्यानंही जीव जाते. उदयपूरमध्ये ऑगस्ट २०२४ ला दहावीच्या पोरावर वर्गातल्याच पोरानं चाकू चालवला, तो पोरगा वाचला नाही, अन् त्या हल्ल्यानंतर राजस्थानच्या शिक्षण विभागानं शाळेत चाकू-कात्री अन् धारदार वस्तू आणायला बंदीचा आदेश काढला. हल्ला झाल्यावर काढला. पुढच्याच वर्षी अहमदाबादमध्ये आठवीच्या पोराच्या हातून दहावीचा पोरगा गेला.

आता कोणी म्हणेल सापडला की पोराला काढूनच टाका. अमेरिकेत १९९४ चा कायदा आहे, शाळेत बंदूक आणली तर कमीत कमी एक वर्ष बाहेर. आपल्या खेड्यात वर्षभर बाहेर म्हणजे पोरगा कापूस वेचायला लागला अन् शाळा सुटली ती सुटलीच. त्यामुळे मला हे नको वाटते. पहिल्यांदा सापडला तर वस्तू जप्त, रजिस्टरमध्ये नोंद, आईबापाला बोलवून समोर बसवून बोलणं अन् पोराला विचारणं की बापा तुला भीती कोणाची आहे, कारण बरेच पोट्टे दुसऱ्याच्या भीतीनंच चाकू ठेवतात.

अन् एक, विळ्याचं वेगळं धरा. आमचे पोट्टे शाळा सुटली की परस्पर वावरात जातात, ढोराले गवत कापायचं असते, विळा सोबतच असते. तो सकाळी शिपायाजवळ द्यावा, सुटताना घ्यावा, एवढं पुरते.

शाळेपासून १०० यार्डात तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, तशीच खटक्याच्या चाकूच्या विक्रीवरही पाहिजे. जत्रेतली दुकानं ग्रामपंचायतीनं आधी तपासावी, अन् शिक्षणाधिकारी साहेबांनी पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत सगळ्या शाळांना चाकू सापडला तर काय करायचं त्याचं लेखी पत्र पाठवावं.

— एक पालक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ