व्याख्यान ठेवा, पण आमचा तास खाऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की नागपुरातल्या कॉलेजांत पाहुण्यांच्या व्याख्यानांचा सीझन सुरू होतो. सामाजिक न्याय, लोकसेवा, शिक्षण, विषय ठरलेले, फ्लेक्सवरचा फोटो तेवढा बदलतो. माझा व्याख्यानांना विरोध नाही हे आधीच सांगतो. माझं म्हणणं ती कशी होतात याबद्दल आहे.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे सीएचबीवाला. जितके तास घेतले तितक्याचेच पैसे, सुट्टीचे नाही, आजारपणाचे नाही, आणि तेही हातात कधी पडतील ते विचारू नका. आता होतं काय, सकाळी ११ ला व्याख्यान आहे अशी नोटीस लागते, सगळे तास रद्द, आणि आम्ही सीएचबीवाले खुर्च्या लावा, माईक बघा, पोट्ट्यांना वर्गावर्गातून हाकलत हॉलमध्ये आणून बसवा या कामाला. तो वेळ आमच्या बिलात कुठंच येत नाही. म्हणजे स्टेजवर सामाजिक न्यायावर बोलणं चालू आणि खुर्च्या लावणाऱ्याचा त्या दिवसाचा पैसा त्याच व्याख्यानानं बुडवलेला. पाहुण्यांना हे माहीत नसतं, त्यांचा दोष नाही. पण आयोजकांना तर माहीत असतं ना बाप्पा!

बरं, इतकं करून पोरांना मिळतं काय? दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग परिचय (बायोडेटा पूर्ण वाचलाच पाहिजे असा नियम आहे की काय), मग संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे दोन शब्द जे कधीच दोन नसतात, आणि पाहुणे उभे राहतात तोवर मागच्या रांगा मोबाईलमध्ये. शेवटी ठरलेलं वाक्य, वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत.

खरं तर पोरांकडे प्रश्नच प्रश्न असतात. स्वाधारचा (राहण्याखाण्यासाठी पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचा) अर्ज भरला, हॉस्टेल मिळालं नाही म्हणून खोली करून राहतोय, नागपुरात वर्षाला ६० हजार मंजूर आहेत म्हणतात, पण घरमालक दर महिन्याला भाडं मागतो आणि हप्ता कधी येईल त्याचा पत्ता नाही, मग करायचं काय? मुलींची फी माफ झाली ना सर, मग आमच्याकडून काहून घेतली? आता ही माफी जुलै २०२४ च्या जीआरची, व्यावसायिक अभ्यासक्रमांची, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाची, बीएच्या पोरीला ती लागू नाही, पण हे तिला कोणीतरी समोर बसवून सांगायला नको का? सामाजिक न्याय या पोरांसाठी तिथंच अडलेला आहे, महाडीबीटीच्या, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलवर.

एक व्याख्यान मात्र मनापासून आवडलं होतं. एक अधिकारी आले होते, त्यांनी शाल बाजूला ठेवली आणि २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाच उलगडून सांगितला. दाखल्याचा अर्ज दिला की पोच घ्या, त्या सेवेला किती दिवस ठरलेत ते बघा, त्यात नाही मिळाली तर आधी पहिलं अपील, मग दुसरं, त्यानंतर आयोग, आणि कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पोरं वहीत लिहून घेत होती! एकीनं तिच्या नॉन क्रिमीलेअर दाखल्याचं विचारलं तर तिथंच मोबाईल काढायला लावून ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज कुठं थांबलाय ते शोधून दाखवलं. लोकसेवेवरचं भाषण म्हणजे असं राजे हो.

नागपूरच्या लोकांना ऐकायचा कंटाळा आहे असं कोणी म्हणू नये. जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची परिषद याच शहरात झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बाया स्वतःहून आल्या होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचं भाषण ऐकायला किती गर्दी होती ते घराघरात सांगतात. आजही ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर लोक कुठून कुठून येतात आणि पिशव्या भरून पुस्तकं नेतात, तिथं हजेरी कोण घेतं? आणि इकडं आमच्या हॉलचं दार बाहेरून लावून ठेवावं लागतं.

तर माझी विनंती एवढीच की व्याख्यान तास संपल्यावर दुपारी ठेवा, तासाच्या जागीच ठेवायचं असेल तर त्या दिवशीचा तास सीएचबीवाल्यांच्या बिलात धरा. सत्कार कमी करून निम्मा वेळ प्रश्नांना द्या. मोठ्या पाहुण्यांसोबत समाज कल्याणच्या ऑफिसातला स्कॉलरशिपचं टेबल सांभाळणारा माणूसही स्टेजवर बसवा, त्याला भाषण नका करायला लावू, फक्त उत्तरं देऊ द्या. तो काही परका नाही, ऑफिस इथंच शहरात आहे. आणि दरवेळी नागपूरच काहून? रामटेक, उमरेड, काटोलच्या कॉलेजांतही हेच पाहुणे न्या, तिथली पोरं तर एका दाखल्यासाठी अख्खा दिवस घालवतात.

पाहुण्यांना वेळ नसतो असं आयोजक म्हणतील. मग परिचय छापून वाटा, तेवढीच वीस मिनिटं वाचतात.

– तासिकेवर शिकवणारा एक मास्तर, नागपूर
(नाव छापू नये ही विनंती, पुढच्या सत्रातही तास मिळायचे आहेत)